माणूस न फुगवता फोटो रुंद कसा करायचा: फोटोशॉप आणि गिंपमध्ये चित्राचा एक भाग ताणण्याची पद्धत

फोटो छान आहे, पण चौकटीत बसत नाही. कॅमेऱ्याचा फोटो ३:२, मोबाइलचा बहुधा ४:३, आणि हवा असतो टीव्हीसाठी १६:९, अल्बमच्या पानासाठी १२×३६ इंच किंवा दहा बाय चारचा फ्लेक्स. नवशिका अशा वेळी कंट्रोल + टी (फ्री ट्रान्सफॉर्म, म्हणजे चित्र ओढून लहान-मोठं करण्याची कमांड) दाबतो, कडेचं हँडल धरतो आणि ओढतो. चौकट भरते, पण नवरदेवाचा चेहरा रुंद होतो, मनगटावरचं घड्याळ अंडाकृती होतं आणि नवरीची नथही आडवी पसरते. दुसरा मार्ग म्हणजे वरून-खालून कापणं, त्यात पाय किंवा फेटा जातो.

यावरचा उपाय म्हणजे माणसाला हात न लावता त्याच्या बाजूची मोकळी जागा तेवढी वाढवणं. ते नीट जमतं, मात्र कोणती जागा ताणायची हे आधी ठरवलं तरच. कमांड कोणती वापरायची हा प्रश्न त्यानंतरचा.

लागणारं साहित्य

- मूळ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून थेट घेतलेली. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेली प्रत नको. ती लहान झालेली आणि दाबलेली असते. ताणल्यावर जेपेगचे ८×८ पिक्सेलचे चौकोन लांबट होऊन आकाशात उघड दिसतात. फोटो व्हॉट्सअॅपनेच मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.
- फोटोशॉप किंवा गिंप. गिंप फुकट आहे आणि साध्या ताणासाठी पुरेसं आहे. दोन्ही नसतील तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी. त्याचे मेनू फोटोशॉपसारखेच आहेत. फक्त कंट्रोल + टी ब्राउझर स्वतःकडे घेतो, म्हणून तिथे फ्री ट्रान्सफॉर्मसाठी कंट्रोल + आल्ट + टी.
- माउस. टचपॅडवर सिलेक्शनची कड नीट बसत नाही.
- कॅल्क्युलेटर.

## १. किती पिक्सेल कमी पडतात ते आधी काढा

अंदाजाने ओढू नका. सूत्र सोपं आहे: हवी असलेली रुंदी = उंची × गुणोत्तर.

समजा २४ मेगापिक्सेलचा फोटो आहे, ६००० × ४०००. तो १६:९ करायचा. ४००० ला १६ ने गुणून ९ ने भागलं की ७१११ येतात. म्हणजे ११११ पिक्सेल कमी पडतात, मूळ रुंदीच्या साधारण १८ टक्के. हे सहज जमण्यासारखं काम आहे. मोबाइलचा ४००० × ३००० चा फोटो असेल तर ५३३३ लागतात, म्हणजे १३३३ जास्त, एक तृतीयांश. इथे जागा नीट निवडावी लागेल.

आता १२×३६ चं अल्बमचं पान घ्या. ३०० डीपीआयला, म्हणजे छपाईत दर इंचाला ३०० पिक्सेल धरले तर, ते १०८०० × ३६०० होतं. ३:२ चा फोटो ३६०० उंचीला बसवला की रुंदी ५४०० भरते आणि उरलेले ५४०० पिक्सेल तुम्हाला पैदा करायचे असतात. फोटोएवढाच आणखी एक फोटो! मागे नुसतं आकाश किंवा स्टुडिओचा सपाट पडदा असल्याशिवाय इतका ताण कुठलाच फोटो सोसत नाही. अशा पानावर शेजारी दुसरा फोटो लावा, किंवा त्याच फोटोची मोठी आणि धूसर केलेली प्रत मागे टाका. ताणण्याचा हट्ट धरू नका.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवून टाका: वाढ दोन्ही बाजूंना की एकाच. अल्बमच्या पानाला बरोबर मध्ये, १८ इंचांवर घडी असते. दोन्ही बाजूंना सारखं वाढवलं आणि माणूस मध्यावर आला तर घडी चेहऱ्यावरून जाते. तिथे मुद्दाम एका बाजूला जास्त वाढवा.

## २. कोणता पट्टा ताणायचा ते ठरवा

बघणाऱ्याला काही वस्तूंचा आकार पाठ असतो. चेहरा, बोटं, गाडीचं चाक, खिडकी, फरशी, अक्षरं, सूर्य. यांत दहा टक्के फरक पडला तरी काहीतरी बिघडलंय हे कळतं, भले काय ते सांगता येत नसेल. आकाश किती रुंद होतं, वाळू कुठपर्यंत होती, मागची धूसर झाडी किती लांब होती हे मात्र कुणालाच माहीत नसतं. ताण द्यायचा तो अशा जागेला.

उदाहरण म्हणून कोकण किनाऱ्यावरचा नेहमीचा प्री-वेडिंग फोटो घेऊ. मध्ये जोडपं, मागे समुद्र, वर आकाश, खाली ओली वाळू. ६००० रुंदीच्या फोटोत जोडपं २४०० ते ३९०० या पट्ट्यात उभं आहे. हातभर मोकळी जागा सोडून डावीकडे ० ते २१०० आणि उजवीकडे ४२०० ते ६००० असे दोन पट्टे ताणण्यासाठी मिळतात.

सगळे १११२ पिक्सेल उजवीकडेच वाढवले तर १८०० चे २९१२ होतात, ताण १.६२ पट. लाटा ओळखू येतील इतक्या लांबतात. दोन्हीकडे ५५६-५५६ वाटले तर डावीकडे १.२६ आणि उजवीकडे १.३१ पट. एवढ्याने समुद्राला काही होत नाही. (आकडा सम केला की दोन्हीकडे अर्धा पिक्सेल उरत नाही, म्हणून १११२.)

कामातले अंदाजे आकडे: धूसर बॅकग्राउंड आणि ढग नसलेलं आकाश दुपटीपर्यंत चालतं. समुद्र, दूरची डोंगररांग, भाताचं शेत १.३ ते १.४. पायाजवळची वाळू, गवत, खडी १.२ च्या वर नको. विटा, जांभ्याची भिंत, फरशी, गजांचं रेलिंग, लिहिलेला फलक यांना ताण देऊच नका. त्यांची पद्धत वेगळी आहे, ती पुढे सहाव्या पायरीत.

पट्टा निवडलात की त्यात शिरलेल्या या गोष्टी शोधा:

क्षितिज तिरकं आहे का? नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. तिरकी रेघ आडवी ताणली की तिचा उतार कमी होतो. १.३१ पट ताणलात तर उतार तेवढ्याच पटीने घटतो आणि बरोबर जोडावर, म्हणजे ताणलेला आणि न ताणलेला भाग मिळतो तिथे, समुद्राची रेघ मोडलेली दिसते. नंतर क्लोन मारून (शेजारचा भाग ब्रशने कॉपी करून) ती सरळ करत बसण्यापेक्षा ताणण्याआधीच क्षितिज सरळ करा. फोटोशॉपमध्ये क्रॉप टूलवर स्ट्रेटन आहे, गिंपच्या मेजर टूललाही तसं बटण आहे. रस्ता, रेल्वेचे रूळ, लांब जाणारी कंपाउंड भिंत यांचंही असंच होतं, पण त्या रेघा सरळ करता येत नाहीत. असा फोटो ताणू नका.

संध्याकाळची सावली पट्ट्यात आली आहे का? सावली जोडावरून गेली की तिथे वाकते. सावली जिथे संपते त्याच्या पलीकडे पट्टा सुरू करा. तसंच उडणाऱ्या ओढणीचं किंवा पदराचं टोक. ते बरेचदा धडापासून हातभर लांब असतं आणि नजरेतून सुटतं.

मागे चालणारी माणसं, कुत्रा, होडीवरचा नंबर, मावळता सूर्य? नको असलेलं हीलिंग ब्रशने आधी पुसा. सूर्य हवा असेल तर तो वेगळ्या लेयरवर (फोटोवर ठेवलेल्या स्वतंत्र थरावर) कॉपी करा, खालचा पुसा, पट्टा ताणा आणि मग गोल सूर्य परत जागेवर ठेवा.

## ३. फाइल तयार करा

मूळ जेपेगवर काम करू नका. उघडल्याबरोबर पीएसडी किंवा गिंपची एक्ससीएफ फाइल म्हणून सेव्ह करा.

आकाशाचा भाग मोठा असेल तर फोटोशॉपमध्ये इमेज → मोड → १६ बिट्स. ८ बिटमध्ये ताणलेल्या आकाशात रंगांचे पट्टे पडू शकतात. मूळ जेपेग ८ बिटचंच असल्याने १६ बिट केल्याने नवीन रंग येत नाहीत, पण ताणताना होणारी आकड्यांची काटछाट टळते.

कंट्रोल + जे ने (गिंपमध्ये शिफ्ट + कंट्रोल + डी) लेयरची प्रत काढा. खालचा मूळ लेयर चालूच ठेवा, त्याच्यासमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद करू नका. कारण चौथ्या पायरीत कळेल.

आता इमेज → कॅनव्हास साइझ. रुंदी ७११२, उंची तीच. दोन्हीकडे वाढवायचं असेल तर अँकर (मूळ फोटो कुठे टिकून राहील ती जागा) मध्ये ठेवा. एकाच बाजूला वाढवायचं असेल तर अँकर उलट बाजूला. गिंपमध्ये साखळीचं चिन्ह आधी तोडा, नाहीतर उंचीही वाढते. पुढे ऑफसेटमध्ये सेंटर दाबा.

गिंप वापरणाऱ्यांनी आणखी दोन कामं करायची आहेत: लेयर → अॅड अल्फा चॅनल (याने लेयरला पारदर्शक जागा मिळते), आणि लेयर → लेयर टू इमेज साइझ. दुसरं राहिलं तर ताणलेला तुकडा लेयरच्या जुन्या हद्दीवर कापला जातो. ‘ओढलं पण वाढलंच नाही’ अशी जी तक्रार असते तिचं कारण बहुतेकदा हेच.

## ४. साधा ताण

फोटोशॉपमध्ये असं करा.

अ) एम दाबून आयताकृती सिलेक्शन घ्या. वर फेदर (सिलेक्शनची कड मऊ करणारा आकडा) ० आहे ना, बघा. फेदर असेल तर जोडावर अर्धवट पारदर्शक पट्टी तयार होते आणि दोन प्रतिमा एकमेकींवर दिसतात.

ब) उजवा पट्टा वरपासून खालपर्यंत पूर्ण उंचीचा निवडा. उंची अर्धवट राहिली तर वर-खाली न ताणलेली चिरोटी शिल्लक राहते.

क) कंट्रोल + टी. उजवीकडचं मधलं हँडल धरून कॅनव्हासच्या कडेपर्यंत ओढा. सगळ्या बाजू एकदम वाढत असतील तर शिफ्ट दाबून ओढा. २०१९ च्या आवृत्तीपासून फोटोशॉप आपणहून प्रमाण राखतं, आधीच्या आवृत्त्यांत उलटं होतं. जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो.

ड) कडेपर्यंत नव्हे, कडेच्या चार-पाच पिक्सेल पलीकडे ओढा. बरोबर कडेवर थांबलात तर शेवटची पिक्सेलची ओळ अर्धपारदर्शक राहू शकते आणि छापल्यावर बारीक पांढरी रेघ दिसते.

इ) एंटर, मग कंट्रोल + डी. डाव्या पट्ट्यालाही हेच.

१०० टक्के झूमवर जोड बघा. कधीकधी तिथे केसाएवढी फट दिसते, कारण ताणताना कड पूर्ण पिक्सेलवर बसलेली नसते. मूळ लेयर चालू ठेवायला सांगितला तो यासाठी. फटीतून खालचा त्याच जागेचा पिक्सेल दिसतो आणि फट बुजते.

गिंपमध्ये आर दाबून सिलेक्शन, मग शिफ्ट + एस ने स्केल टूल. टूल ऑप्शनमध्ये इंटरपोलेशन नोहेलो ठेवा. संवादचौकटीतली साखळी तोडून उजव्या कडेचं हँडल ओढा, स्केल दाबा. तुकडा तरंगत्या सिलेक्शनमध्ये असतो. कंट्रोल + एच ने तो अँकर करा, नाहीतर पुढचा ब्रश कुठेच उमटणार नाही.

ताण १.४ च्या वर जात असेल तर तो एका दमात देऊ नका. आधी पूर्ण पट्टा थोडा ताणा. मग त्याच पट्ट्याचा बाहेरचा अर्धा भाग निवडून पुन्हा थोडा ताणा. माणसाजवळ ताण कमी आणि कडेला जास्त असा चढता राहतो. बघणाऱ्याची नजर माणसावर असते, फोटोच्या कडा तो नीट बघत नाही. त्यामुळे आकडा तोच राहूनही फोटो स्वाभाविक दिसतो.

## ५. कंटेंट-अवेअर स्केल

माणूस आणि मोकळी जागा अशी सरळ पट्ट्यांत विभागता येत नसेल, म्हणजे चार माणसं लांब लांब उभी असतील आणि मधली जागा वाढवायची असेल, तर हे वापरा. मागचं तंत्र शाय अविदान आणि एरियल शमीर यांनी २००७ च्या सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत मांडलं. फोटोशॉपमध्ये ते २००८ साली सीएस४ बरोबर आलं.

ते कसं चालतं हे समजलं की कुठे फसेल हेही आधी ओळखता येतं. सॉफ्टवेअर वरपासून खालपर्यंत एक-एक पिक्सेल रुंदीच्या वाकड्यातिकड्या रेघा शोधतं, जिथे शेजारच्या पिक्सेलांत फरक कमीत कमी आहे अशा. रुंदी वाढवताना याच रेघांशेजारी नवीन पिक्सेल घातले जातात. म्हणून आकाश-वाळू वाढते आणि कपड्यांची नक्षी टिकते. पण पांढरा सदरा, साधी साडी, गुळगुळीत गाल हेही त्याच्या दृष्टीने ‘काही नसलेली’ जागाच असते. शिवाय या रेघा वाकड्या असल्याने खांब आणि दारांच्या चौकटी मोडतात.

म्हणून माणसं राखून ठेवायची:

माणसांभोवती लॅसोने सैलसर सिलेक्शन करा. पायाखालची सावली, पदराचं टोक, हातातली छत्री आत घ्या. सिलेक्ट → सेव्ह सिलेक्शन, नाव द्या ‘माणसं’. कंट्रोल + डी करून सिलेक्शन काढा. हे विसरलात तर फक्त माणसंच ताणली जातात.

एडिट → कंटेंट-अवेअर स्केल. वरच्या पट्टीत प्रोटेक्टच्या यादीतून ‘माणसं’ निवडा. शेजारी माणसाचं चिन्ह आहे, ते त्वचेचे रंग राखतं. प्रोटेक्ट वापरत असाल तर ते बंद ठेवलेलं बरं, कारण वाळू आणि मातीच्या भिंतीचा रंगही त्याला त्वचेसारखा वाटतो आणि मग ताण नको तिथे जातो. आता हँडल ओढा.

कमांड फिकट दिसत असेल तर लेयर कुलूपबंद बॅकग्राउंड आहे, स्मार्ट ऑब्जेक्ट आहे किंवा लेयर मास्क निवडलेला आहे. कंट्रोल + जे ने काढलेल्या प्रतीवर ती चालते.

खांब वाकले तर अमाउंट १०० वरून खाली आणा. शून्यावर तो साधा ताण होतो, मध्ये कुठेतरी दोन्हींचा मेळ बसतो. गिंपमध्ये ही सोय मुळात नाही. लिक्विड रिस्केल नावाचं प्लगइन वेगळं बसवावं लागतं.

## ६. ताणायचं नाही, वाढवायचं: भिंत, फरशी, जाळी

जांभ्याची भिंत ताणून बघा आणि १०० टक्क्यांवर डोळा लावा. चिरा लांब झालेला दिसतो, पण खरी चूक सांध्यात असते. उभा सांधा रुंद झालेला आणि आडवा होता तेवढाच. वर दगडातली गोल भोकं लंबगोल. गवंडी असं काम करत नाही हे डोळ्याला लगेच कळतं.

इथे चिरे मोजून कॉपी करायचे. बरोबर सांध्याच्या मध्यापासून सांध्याच्या मध्यापर्यंत दोन-तीन चिऱ्यांचा पट्टा निवडा, कंट्रोल + जे, आणि मूव्ह टूलने बाहेर सरकवून सांध्यावर सांधा ठेवा. एकाआड एक थर असतील तर पट्ट्याची कड सरळ येणार नाही. तिथे लेयर मास्क (लेयरचा भाग न पुसता लपवणारा पडदा) लावून चिऱ्याच्या आकाराने पायरीसारखी कड खोडा. मग क्लोन स्टँपने डाग, शेवाळ, तुटका कोपरा अशा ओळखीच्या खुणा बदला. एकच शेवाळाचा डाग दोनदा दिसला की चोरी पकडली गेली.

पट्टा आरशासारखा उलटून लावण्याचा मोह टाळा. जोडावर रांगोळीसारखी सममिती दिसते आणि प्रकाशाची बाजूही बदलते. ऊन डावीकडून असताना उलटलेल्या चिऱ्यांवर ते उजवीकडून पडलेलं दिसेल. ढग नसलेल्या आकाशाला चालतं, भिंतीला नाही.

माती, गवत, झुडपं अशा अनियमित जागेसाठी कंटेंट-अवेअर फिल चांगलं. रिकामा भाग निवडा, सिलेक्शन आठ-दहा पिक्सेल मूळ फोटोच्या आत घ्या, एडिट → कंटेंट-अवेअर फिल. हिरवा भाग म्हणजे कुठून नमुना घ्यायचा ते. त्यातून माणसं ब्रशने वजा करा, नाहीतर झुडपातून कोपर बाहेर येतं.

## ७. जनरेटिव्ह एक्सपांड

२०२३ पासून फोटोशॉपमध्ये ही सोय आहे. सी दाबून क्रॉप टूल, वर फिलमध्ये जनरेटिव्ह एक्सपांड, चौकट बाहेर ओढा, जनरेट. सूचनेची जागा रिकामी ठेवा. ‘समुद्र’ लिहिलं की ते नवा समुद्र आणतं, रिकामं ठेवलं की आहे तोच पुढे नेतं. तीन पर्याय मिळतात आणि उत्तर वेगळ्या लेयरवर येतं, म्हणजे मूळ फोटो शाबूत. इंटरनेट लागतं आणि प्रत्येक वेळी क्रेडिट खर्च होतात.

दोन गोष्टी सांभाळा. एकदम मोठा भाग मागितला तर तो मूळ फोटोपेक्षा मऊ येतो. मोबाइलवर दिसत नाही, पण १२ इंच उंचीच्या छपाईत दिसतो. थोडं थोडं करून वाढवा. दुसरं, फोटोच्या कडेवर माणसाचा हात किंवा खांदा कापलेला असेल तर सॉफ्टवेअर तो आपल्या मनाने पुरा करतं. ती बोटं, ते दागिने त्या माणसाचे नसतात. घरच्या फोटोत असं करू नका. मावशीच्या हातात तिने कधी न घातलेली पाटली आली तर ती मावशी राहत नाही.

हीच मर्यादा बातमीच्या फोटोला, पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोला, विम्याच्या किंवा जमिनीच्या पुराव्याच्या फोटोला लागू आहे. तिथे साधा ताणही नको. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या उभ्या मुखपृष्ठात आडवा फोटो बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले होते. त्यावरून झालेली टीका आजही छायाचित्र-पत्रकारितेच्या वर्गात शिकवली जाते.

## ८. जोड लपवा

ताणलेल्या पट्ट्यातले नॉइजचे, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाचे, गोल कण आडवे लांबट होतात. संध्याकाळी जास्त आयएसओवर (कमी उजेडासाठी वाढवलेल्या कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेवर) काढलेल्या फोटोत बाजूचा भाग रेघारेघांचा दिसतो तो त्यामुळे. उपाय दोन टप्प्यांत. ताणलेल्या धूसर भागावर किंवा आकाशावरच गॉशियन ब्लर १ ते २ पिक्सेल, म्हणजे लांबट कण विरतात. मग फिल्टर → नॉइज → अॅड नॉइज, १ ते ३ टक्के, गॉशियन, मोनोक्रोमॅटिक चालू. गिंपमध्ये आरजीबी नॉइज घ्या आणि इंडिपेंडंट आरजीबी बंद करा, नाहीतर रंगीत ठिपके येतात. माणसाजवळच्या नॉइजशी तुलना करत आकडा ठरवा. समुद्रावर आणि वाळूवर ब्लर नको, तिथे मूळ तपशील आहे.

तपासणीसाठी सगळ्यात वर एक कर्व्हज लेयर टाका आणि रेघ खूप चढी करा. फोटो भयानक दिसेल, पण आकाशातला जोड, पट्टे आणि क्लोनचे ठसे उघडे पडतील. दुरुस्त करा आणि तो लेयर काढून टाका. फोटो आडवा उलटून एकदा बघा, सवयीने न दिसणाऱ्या चुका दिसतात.

## ९. सेव्ह आणि छपाई

लेयरसकट फाइल जपून ठेवा. बदल सांगितला जातोच. लॅबला जेपेग द्यायचं असेल तर फोटोशॉपमध्ये क्वालिटी १० ते १२, गिंपमध्ये ९० च्या वर. रंगांचं प्रोफाइल एसआरजीबी, लॅबने वेगळं मागितलं नसेल तर. जेपेग उघडून पुन्हा जेपेग सेव्ह करत राहू नका, दर वेळी थोडं बिघडतं.

फ्लेक्सला ३०० डीपीआय लागत नाही, कारण तो लांबून बघायचा असतो. दहा बाय चार फूट ७२ डीपीआयला ८६४० × ३४५६ होतो. ६००० × ४००० चा फोटो तिथे उंचीला पुरतो, रुंदीला जोडपं मध्ये ठेवून दोन्हीकडे वाढवावं लागतं आणि पुढे मजकूर त्याच वाढवलेल्या जागेवर येतो. त्यामुळे फ्लेक्सवर जोडाची फार काळजी करू नका, अक्षरं ती झाकतात.

अल्बमच्या पानाचं तसं नाही. अख्खं पान छापण्याआधी अंतिम मापाच्या, ३०० डीपीआयच्या फाइलमधून जोड मध्ये येईल असा १८०० × १२०० पिक्सेलचा तुकडा कापा आणि ६×४ चा एक साधा प्रिंट काढा. तो पानावर दिसणार त्याच आकारात असतो. खिडकीजवळ उजेडात धरून बघा. दुसऱ्या कुणालातरी दाखवा आणि जोड कुठे आहे ते सांगू नका. त्यांचं बोट जोडावर गेलं तर आठव्या पायरीवर परत या, नाही गेलं तर पान छपाईला द्या.